बशीवाली

१

काचेमागच्या खोलीत शिरण्याआधी प्रोफेसर पांढरा रुमाल खिशात खोल कोंबत, मोबाइल बाहेरच्या खणात ठेवत आणि खोकून घ्यायचं असेल तर दाराबाहेरच खोकून घेत. त्या खोलीचे नियमच तसे होते. भिंती काळ्या, दिवा नाही, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या. समोर भिंतभर काच. काचेपलीकडे लख्ख उजेडात मुलं खेळत असत, आणि त्यांच्या बाजूने ती काच म्हणजे आरसा होता. मागे माणसं बसलेली आहेत हे मुलांना आधी सांगितलेलं असे, त्यांच्या आईवडलांनाही विचारलेलं असे. पण चौदा-पंधराच्या पोरांना आरसा दिसला की आरसाच दिसतो. येता-जाता ती केस सारखे करत, पुटकुळ्या फोडत, दातात अडकलेलं काढत, आणि प्रोफेसर अंधारातही सभ्यपणे दुसरीकडे बघत.

कंपनी टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र बनवत असे. काळं, जाडजूड, चौकोनी. मुलं त्याला ‘वीट’ म्हणत. समोरच्या कंपनीचं यंत्र पांढरं, चपटं, गोल, ती ‘बशी’. वीटवाल्यांनी वीटवाल्यांशीच खेळायचं आणि बशीवाल्यांनी बशीवाल्यांशी. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरच्या मित्राला खेळात बोलावता येत नसे; दोन्ही कंपन्यांनी ते मुद्दाम तसंच ठेवलं होतं. त्यामुळे कुठल्याही शाळेत जा, दोन तट पडलेले आणि दोन्ही तट एकमेकांना पाण्यात पाहणारे.

प्रोफेसरांनी जन्मभर मुलांचं मानसशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांना कुणी काही विचारेनासं झालं, अगदी चष्मा कुठे ठेवलाय एवढंसुद्धा नाही. अशात या कंपनीच्या जाहिरात विभागाच्या मॅडमचा फोन आला.

“सर, मला एकच सांगा,” मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “पोरं नक्की कशावरून भांडतात? खेळांवरून? चित्रं कुणाची चांगली यावरून?”

“यंत्रावरून मुलं भांडतच नाहीत,” प्रोफेसर म्हणाले. “समोर कोण बसलंय, यावरून भांडतात.”

मॅडमनी उठून ते वाक्य फळ्यावर लिहिलं. प्रोफेसरांना इतकं बरं वाटलं, की हे वाक्य अर्धंच आहे आणि उरलेलं अर्धं फारसं चांगलं नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

खुर्चीची कल्पना त्यांची. खेळून झालं की मुलांसमोर एक रिकामी खुर्ची मांडायची, तिच्यावर बशीचा कंट्रोलर ठेवायचा आणि म्हणायचं, समजा इथे एक बशीवालं कुणीतरी बसलंय, बोला त्याच्याशी. उपचारांच्या खोल्यांमध्ये हे तंत्र फार जुनं. सोडून गेलेल्या नवऱ्याशी, मेलेल्या बापाशी लोक त्या खुर्चीत बघून बोलतात आणि रडून मोकळे होतात. प्रोफेसरांनी ते यंत्रं खपवायला आणलं. पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी हे त्यांच्या मनात आलं होतं. पण मॅडमनी कॉफी मागवली, आणि तो विचार कॉफीबरोबर खाली गेला.

२

अडचण आली ती कंट्रोलरची. कंपनीच्या अख्ख्या इमारतीत बशीची एक वस्तू नव्हती.

“इथे कुणाच्या टेबलावर ती दिसली, तर आमचे साहेब त्याला टेबलासकट बाहेर काढतील,” मॅडम हसून म्हणाल्या. “मी मागवते, पण उद्यापर्यंत यायचा नाही.”

“मी बघतो,” प्रोफेसर म्हणाले. कुठून बघतो, ते म्हणाले नाहीत.

त्यांच्या घरात बशी होती. नातीसाठी त्यांनीच आणलेली. प्रोफेसर, त्यांची लेक आणि लेकीची मुलगी, असं तिघांचं घर. लेक हॉस्पिटलात नर्स. नात चौदा वर्षांची. लहानपणी अखंड बडबडायची म्हणून तिला सगळे मिठू म्हणत. वाढदिवसाला आजोबा दुकानात गेले, दुकानदार म्हणाला, “हल्ली हीच चालते, आजोबा,” आणि ते बशी घेऊन आले. मिठूच्या वर्गात झाडून सगळ्यांकडे वीट होती, हे विचारायला हवं होतं हेच त्यांना सुचलं नाही. बाकी जगाला मुलांबद्दल सांगत फिरणारा माणूस!

मिठूने खोकं उघडलं. आतलं बघून तिचा चेहरा एक क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, “मला हीच हवी होती, आबा.”

चेहरे कसे वाचायचे हेच प्रोफेसर शिकवत आले होते. तो एक क्षण त्यांनी वाचला, आणि न वाचल्यासारखं केलं.

तेव्हापासून मिठू एकटीच खेळायची. दोन कंट्रोलर आले होते. एक तिच्या हातात झिजत चाललेला, दुसरा खणात, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. ती शाळेत गेल्यावर प्रोफेसरांनी खण उघडला. कोरा कंट्रोलर हातात घेतला आणि परत ठेवला. कोरी वस्तू पाहून मुलांना काय सुचणार? वापरलेली हवी, कुणाचीतरी वाटायला हवी. त्यांनी टेबलावरचा जुना उचलला, रुमालात गुंडाळला आणि बॅगेत टाकला. संध्याकाळी परत ठेवू, तिला कळणारही नाही. जिना उतरताना त्यांना उगाचच चोरून पेढा खाल्लेल्या मुलासारखं वाटत होतं.

३

बैठक घेणाऱ्या मुलीला सगळे ताई म्हणत. तिने खुर्ची मांडली, कंट्रोलर ठेवला, आणि पोरं सुटलीच.

“ए बशी, चहा सांडला का गं?”

“अरे फुटेल ती, हळू बोल!”

“तुमच्यात तो ड्रॅगनवाला खेळ आला का? की अजून फळंच कापताय?”

काचेमागे मॅडम तोंडावर हात धरून हसत होत्या. प्रोफेसरांनाही हसू आलं. पोरं खरंच गमतीदार होती.

“मुलगी आहे का ही?” ताईने विचारलं.

“मग काय!” एक कुरळ्या केसांचा मुलगा म्हणाला. “नखं खाते. ते रबरसुद्धा खाल्लंय बघा तिनं.”

प्रोफेसरांनी अंधारात मान डोलावली. कंट्रोलरच्या काठीवरचं रबर मिठूने खरंच चावलं होतं. पोराने ते पाहिलं आणि अंदाज बांधला. हुशार आहे. वापरलेली वस्तू आणायचा आपला निर्णय बरोबर ठरला.

“आणि बोलायच्या आधी असं करते,” चष्मा लावलेला एक मुलगा म्हणाला, आणि त्याने दोन बोटांनी आपल्या डाव्या कानाची पाळी हळूच ओढली.

बाकीची पोरं खो-खो हसली. “हो, हो! अस्संच!” कुणी तरी टाळी दिली. जणू रोज वर्गात बघतात तशी.

प्रोफेसरांचं हसू ओठांवरच वाळलं. मिठू तसं करायची. अगदी लहान असल्यापासून.

पण कान ओढणारी मुलं हजार असतात, त्यांनी स्वतःला सांगितलं. लाजऱ्या मुलाचं चित्र काढा म्हटलं तर दहांतली चार तेच काढतील. पोराने एक सवय सांगितली, इतरांनी उचलून धरली. कळपात हे होतंच. पुस्तकांतून किती वेळा शिकवलंय आपण. संध्याकाळी त्यांनी कंट्रोलर मिठूच्या टेबलावर जसाच्या तसा ठेवला. तो गरम होता. दुपारभर दिव्याखाली होता, त्यामुळे असेल.

४

पुढच्या बैठकीला मॅडमनी मागवलेला कोरा करकरीत कंट्रोलर होता, आणि मुलं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेतली. पहिल्या पोरांना ही मुलं ओळखत असण्याचं काही कारण नव्हतं. प्रोफेसरांनी मुद्दाम तशी निवडून घेतली होती. मनातली शंका एकदाची फिटावी, एवढंच.

ताईने खुर्ची मांडली. पोरं सरसावून बसली.

“रेनकोट काढ ना बाई, घरात आहेस तू,” एक मुलगी म्हणाली.

“कसला रेनकोट?” ताई.

“पिवळा. बाह्या बघा किती आखूड झाल्यात. आई नवा घेत नाही वाटतं.”

“आईला वेळ नसतो तिच्या,” दुसरी म्हणाली. “घरी आजोबाच असतात.”

“अरे हो, आजोबा! त्यांनीच आणून दिली ना बशी?”

पुन्हा सगळे हसले. मॅडम प्रोफेसरांच्या कानाशी लागल्या. “सर, कमाल आहे हो! बशी म्हणजे आजोबांनी आणलेली वस्तू! यावर तर अख्खी जाहिरात होईल.”

मिठूचा पिवळा रेनकोट प्रोफेसरांनी सकाळीच घरी दारामागे लटकताना पाहिला होता. त्यांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते अंधारात कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातलं चित्रण ते एकटेच बघत बसले. ताई नकळत काही सुचवते आहे का? नाही, ती तर बिचारी जेमतेम बोलत होती. मुलांनी आधी बाहेर काही ठरवलं होतं का? तसंही दिसेना. मग त्यांनी आवाज बंद केला आणि नुसते चेहरे पाहिले, जसे ते विद्यार्थ्यांना पाहायला लावत.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. खुर्चीत कंट्रोलर पडलेला होता, आसनावर. पण एकही मूल कंट्रोलरकडे बघत नव्हतं. सगळ्यांची नजर त्याच्या वर, पाठीच्या मधोमध, एकाच उंचीवर लागलेली होती. बसलेल्या मुलीचा चेहरा जिथे येईल तिथे.

शेवटी ताई म्हणाली असावी, झालं, आता उठूया. सगळ्या नजरा एकदम वर सरकल्या आणि सावकाश दाराकडे गेल्या. दाराजवळ बसलेल्या मुलाने बोलता बोलता आपले पाय आत ओढून घेतले, कुणालातरी जायला वाट द्यावी तसे.

प्रोफेसरांनी तेवढा भाग पुन्हा पाहिला. मग त्यांनी चित्रण बंद केलं.

५

घरी मिठू खिडकीपाशी बसून होती. टीव्ही बंद होता.

“खेळत नाहीस?” त्यांनी विचारलं.

“नको वाटतंय.” थोडं थांबून ती म्हणाली, “आबा, काल शाळेतून मी सरळ घरीच आले ना?”

“हो. का गं?”

“नाही, असंच. मला वाटत होतं, कुणीतरी मला खूप वेळ बसवून ठेवलं होतं. उजेड होता खूप. मला उठायचं होतं, पण उठलेलं त्यांना चालणार नाही असं वाटलं.” ती ओशाळून हसली. “वेडेपणाच आहे.”

हीच वेळ होती. तिच्याजवळ बसावं, तुझी वस्तू मी न विचारता नेली म्हणावं, तुझ्याबद्दल काही पोरं काही बोलली आणि मी ऐकत बसलो म्हणावं. वाक्य जिभेवर आलं. पण त्या वाक्याच्या शेवटी मिठू त्यांच्याकडे बघणार होती, आणि ती बघेल ते वाचल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती.

“स्वप्न पडलं असेल,” ते म्हणाले. “अभ्यास फार होतोय तुला.”

“हो, तसंच असेल,” मिठू लगेच म्हणाली. समोरच्याला अवघडल्यासारखं झालेलं तिला बघवत नसे. लहानपणापासूनच.

जेवायला बसताना लेकीने दोनच ताटं मांडली. मिठू उभीच राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं आणि ती कपाळावर हात मारून हसली. “अगंबाई! रात्रपाळीनं डोकं गेलंय माझं.” मिठूही हसली. तिसरं ताट तिने स्वतःच घेतलं.

मग शाळेतून निरोप आला, मुलगी सांगितल्याशिवाय गैरहजर राहते आहे. लेक चिडली. “कुठे जातेस तू?”

“कुठेच नाही, आई. मी वर्गातच होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचं नाव घेतलं.”

“मग हात वर करायचा! तोंड नाही का तुला? एके काळी अख्ख्या इमारतीचं डोकं उठवायचीस.”

“केला होता,” मिठू म्हणाली.

लेक प्रोफेसरांकडे वळली. “बाबा, तुम्हीच बघा काय ते. तुमचा विषय आहे हा. मैत्रिणींचे फोन नाहीत, कुणाकडे जाणं नाही. मला काळजी वाटते तिची.”

“बोलतो मी,” प्रोफेसर म्हणाले. “उद्या बोलतो.” आणि ताटातल्या घासाकडे बघत राहिले.

६

बोलायला ते गेले खरे, पण मॅडमकडे. सबंध वाटेवर त्यांनी वाक्यं जुळवली होती. माझी नात आहे. तिचं नाव येता कामा नये, पण हे बंद करा. का, ते मलाही सांगता येत नाही. माझं चुकलं.

मॅडमच्या खोलीत भिंतीला मोठमोठे कागद लावले होते. जाहिरातीचे नमुने. प्रत्येकात एक रिकामी खुर्ची, आणि खाली ठळक अक्षरांत, “ती अजून तिकडेच?”

“सर, या या! बघा तुमचं बाळ,” मॅडम म्हणाल्या. “वरच्या साहेबांना इतकं आवडलंय, शेवटची बैठक बघायला ते स्वतः येणार आहेत. मी सांगितलंय त्यांना, डोकं प्रोफेसरांचं, आम्ही नुसते हमाल.”

“मला जरा वाटत होतं,” प्रोफेसरांनी सुरुवात केली, “की थोडं थांबावं.”

“का बरं?”

का बरं. तीस वर्षं मुलांवरचे प्रयोग कसे करावेत हे शिकवणारा माणूस, ज्याने पहिल्याच प्रयोगात घरातल्या मुलीची वस्तू पळवली. ज्याच्या घरी वीट नाहीच, बशी आहे. ज्याला आता वाटतंय की खुर्चीत कुणीतरी खरंच बसतंय. हे मोठ्याने म्हटलं की मॅडमच्या चेहऱ्यावर काय उमटेल, ते त्यांना स्पष्ट दिसलं. आधी गोंधळ, मग दया. मग त्या हळूच फोन उचलून म्हणतील, सरांना जरा गाडीपर्यंत सोडून ये रे.

“नमुना लहान आहे,” ते म्हणाले. “आणखी मुलं बघायला हवीत.”

“अहो, तुम्ही म्हणजे ना!” मॅडम मनापासून हसल्या. “अगदी प्रोफेसर आहात.”

परत येताना लिफ्टच्या स्टीलच्या दारात त्यांना आपला चेहरा दिसला. त्यांनी मान खाली घातली.

७

शेवटच्या बैठकीला पहिलीच पोरं बोलावली होती, साहेबांना गंमत दाखवायला. काचेमागे कोटवाले तिघे-चौघे, मॅडम आणि कोपऱ्यात प्रोफेसर.

ताईने खुर्ची मांडली. “काय रे, काय म्हणते आपली बशीवाली?”

कुणी हसलं नाही.

“बोला ना.”

“तिला नका बोलायला लावू,” कुरळ्या केसांचा मुलगा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “आवाज येत नाही आता तिचा.”

“शाळेत पण कुणाला दिसत नाही ती.”

“आईला पण. कधी कधी.”

ताई गडबडली. तिने आरशाकडे, म्हणजे त्यांच्याकडे, मदतीसाठी पाहिलं. “अरे, आपण गंमत करतोय ना? चिडवा की तिला.”

“चिडवून काय करायचं?” चष्मेवाला म्हणाला. तो खुर्चीकडे एकटक बघत होता, आणि त्याच्या तोंडावर लाज होती, निखळ लाज, कुणाच्या घरात चुकून भलत्या वेळी शिरल्यासारखी. “ती नुसती वाट बघतेय. तिचे आजोबा इथेच आहेत ना. ते येऊन उठवतील म्हणून बसलीये.”

काचेमागे एका साहेबाने खुर्ची सरकवली. मॅडम झटकन प्रोफेसरांकडे वळल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

“सर, हे काय आहे? ही कुणी खरी मुलगी नाहीये ना? असेल तर आत्ता सांगा. आत्ताच्या आत्ता थांबवते मी सगळं, जाहिरात गेली खड्ड्यात. मलाही मुलगी आहे हो.”

अंधारात सगळे चेहरे त्यांच्याकडे वळले. नुसती फिकट लांबट ठिपक्यांसारखी तोंडं. कुणी रागावलेलं नव्हतं. त्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. उठायचं, मधलं दार उघडायचं, उजेडात जायचं. पाच-सात पावलं. सगळ्यांदेखत.

कानशिलं तापली. त्यांना साहेबांचे चकचकीत बूट दिसले. उद्या या गोष्टीचं काय होईल, जेवणाच्या सुट्टीत कसं सांगितलं जाईल, कोण कसं हसेल, ते ऐकू आलं.

“नाही,” प्रोफेसर म्हणाले. आवाज अगदी व्यवस्थित निघाला, वर्गात निघायचा तसा. “अशी कुणी मुलगी नाही.”

मधली काच जाड होती. त्या खोलीतला आवाज पलीकडे जात नसे. त्यासाठीच ती बसवलेली होती. पण पलीकडे सगळ्या मुलांनी एकदम माना वर केल्या. ती आरशाकडे बघू लागली. आपापल्या चेहऱ्याकडे नव्हे. कोपऱ्याकडे. प्रोफेसर बसले होते तिथे.

मग त्यांच्या नजरा खुर्चीकडे परत गेल्या आणि विस्कटल्या. एकाची खुर्चीच्या पायावर गेली, एकाची भिंतीवर, एकाची कंट्रोलरवर. कुरळ्याने मोठी जांभई दिली.

“बरं,” ताई घसा साफ करत म्हणाली, “मग आता काय करते ती?”

“कोण?” चष्मेवाल्याने विचारलं.

८

प्रोफेसर कुणाचा निरोप न घेता निघाले. संध्याकाळ होत आली होती. रस्त्यावर ऑफिसांतून सुटलेली गर्दी होती आणि ते तिच्यातून वाट काढत, लोकांना कोपर लावत, या वयात धावता येईल तितकं धावत होते. घरी जायचं. आधी घरी जायचं, बाकी काही नाही.

चौकात दिवा लाल होता म्हणून त्यांना थांबावं लागलं. धाप लागली होती. एक बाई म्हणाल्या, “आजोबा, सावकाश. कुठे आग लागलीये का?” ते ओशाळून हसले. दिवा हिरवा झाला तेव्हा ते चालू लागले, धावले नाहीत. एवढी कसली घाई होती बरं? काहीतरी चुकलं होतं खास. कुणाला तरी तोंड दाखवायला जागा नाही असं काहीतरी. छातीत ती लाज तशीच्या तशी होती, गरम, जड. पण ती कशाची, ते मात्र हाताला लागेना. वय झालं, त्यांनी मनाशी म्हटलं. मॅडमसमोर काही वेडंवाकडं बोललो असेन.

जिन्यात अंधारून आलं होतं. त्यांच्या दारासमोरच्या पायरीवर एक मुलगी बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. त्यांना पाहताच ती झटकन उठली.

“आबा! किल्ली चालत नाहीये माझी. किती वेळ झाला.”

प्रोफेसर थबकले. गोड होती मुलगी. कुणाची असेल? खालच्या बिऱ्हाडातली म्हणावी तर तिथे मुलं नाहीत. ही आपल्याला ओळखते, आणि आपल्याला हिचं नावसुद्धा आठवत नाही. भलतंच कानकोंडं व्हायला झालं. जन्मभर मुलांत वावरलेल्या माणसाला हे शोभतं का? त्यांनी चेहऱ्यावर हसू आणलं.

“कुणाकडे आलीस, बाळ?”

मुलगी बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि थांबलं. ते काय होतं, ते कुणालाही वाचता आलं असतं. प्रोफेसरांनी नजर काढून घेतली आणि किल्ली शोधायला खिसे चाचपू लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना, उगाचच.

मग तिनेच त्यांची सुटका केली.

“वरती,” ती हळूच म्हणाली. “वरच्यांकडे आले होते.”

“असं होय!” त्यांना केवढं हायसं वाटलं. “जा, जा. सावकाश हं. जिन्यात दिवा नाही.”

“हो,” ती म्हणाली. “तुम्ही जा आत. गारठा आहे.”

त्यांच्या शेजारून अंग चोरून ती गेली. प्रोफेसरांनी दार लावलं, बूट काढले, हात धुतले, आधण ठेवलं. लेक यायची होती. दोन कप काढले. वर पावलं वाजत होती. हलकी, एकेक. त्यांनी साखरेचा डबा उघडला, आणि तो हातात तसाच राहिला.

त्यांचं घर शेवटच्या मजल्यावर होतं. त्यांच्या दाराशी जिना संपत होता.

ते दारापाशी आले. कडीवर हात ठेवला. हाक मारायला हवी होती, इतकं त्यांना पक्कं कळत होतं. तोंडही उघडलं. पण काय म्हणून हाक मारायची?

कडीवर हात ठेवून ते ऐकत उभे राहिले. डोक्यावर पावलं अजून चढतच होती, आता बरीच वर गेली होती. सावकाश, एकेक पायरी, त्यांनी सांगितलं होतं तशी.